दोन भोवरे आणि सोमवारची पाळी

श्री. भार्गव रेवाळे, म्हणजे विठ्ठलवाडी स्टेशनच्या परिसरातल्या लहानथोरांचे रेवाळेमामा, या महिन्यात पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यानिमित्त आमच्या सलून आणि केशकर्तनालय चालकांच्या मंडळाने हा गौरव-अंक काढायचे ठरवले आणि लेखाचा मान मला दिला. फोन आला तेव्हा मला इतका आनंद झाला की समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचा उजवा कल्ला मी डाव्यापेक्षा चांगला पाव इंच वर नेला. मग क्षमा मागून डावाही वर न्यावा लागला. त्या सद्गृहस्थांच्या चेहऱ्यावर आज जी काही नवी फॅशन दिसते आहे, तिचे श्रेय मामांच्या अमृतमहोत्सवाला आहे.

मी लेखक नाही, कंगवा आणि कात्री धरणारा माणूस आहे. त्यातून गेल्या सोमवारी अशी एक गोष्ट घडली आहे की ती पहिल्याच ओळीत सांगून टाकावी असे मला झाले आहे. पण ती शेवटीच सांगायला हवी, कारण तिच्यासाठी मी बारा वर्षे वाट पाहिली आणि ही बारा वर्षे ठाऊक नसली तर तिच्यात विशेष काय, असेच कोणालाही वाटेल. तेव्हा स्वतःला आवरून सुरुवातीपासून सांगतो.

बारा वर्षांपूर्वी मी कल्याण पूर्वेला माझे पहिले सलून उघडले. त्याआधी ठाण्यात कोर्स केला होता, एका मॉलमधल्या मोठ्या सलूनमध्ये पाच वर्षे काम केले होते आणि स्वतःला 'स्टायलिस्ट' म्हणवून घ्यायची सवय लागली होती. काचेचा दरवाजा, एसी, केस धुवायचे काळेभोर बेसिन, भिंतीवर परदेशी तरुणांचे फोटो, असा सगळा थाट. जागा घेताना समोर काय आहे ते मी पाहिलेच होते. समोर होते 'प्रसन्न केशकर्तनालय'. लाकडी हातांच्या दोन खुर्च्या, एक बाक, समोरासमोर लावलेले दोन आरसे, तुरटीचा खडा आणि फळीवर रेडिओ. जागेच्या दलालाने मला हळूच सांगितले होते, "समोरचा म्हातारा वर्षभरात शटर पाडतो की नाय बघा." ते ऐकून मला बरे वाटले होते, हे आज सर्वांसमक्ष कबूल करतो.

उद्घाटनाच्या सकाळी फुलांच्या माळा लावून आम्ही उभे होतो. पूजा वगैरे काही नव्हती, बाबांनी बुद्धवंदना घेतली, पेढे वाटले. रस्त्यावरचे दुकानदार मात्र पेढा तोंडात टाकून समोर बघत होते. म्हातारा आता काय करतो, याची सगळ्यांना उत्सुकता. आणि बरोबर नऊ वाजता मामा आपल्या दुकानातून बाहेर पडले, पायजम्यावर अडकलेले केस झटकले, रिक्षांना हात दाखवत रस्ता ओलांडला आणि थेट माझ्या काचेच्या दरवाजात येऊन उभे राहिले.

"चालू झालं का रे?" त्यांनी विचारले.

"हो काका."

"मग भवानी माझी. केस काप."

दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाची भवानी ज्याच्या त्याच्या दुकानाला शुभ. इथे तर दुकानाच्या आयुष्यातली पहिली भवानी समोरचा प्रतिस्पर्धी करत होता! मी हर्षाने वेडा झालो आणि त्या भरात मला जे जे येत होते ते सगळे करायला घेतले. आधी त्यांना बेसिनवर नेले. "अरे, मी न्हाऊन आलोय सकाळी," असे ते म्हणत असताना त्यांची मान मागे टाकली, शाम्पू लावला, नाकात थोडे पाणीही घातले. मग ओल्या केसांवर माझी ठाण्याची सारी विद्या चालवली. केस पांढरेशुभ्र आणि दाट, ओले असताना रेशमासारखे सरळ बसले होते. कट झाला, ड्रायर फिरवला, आणि माझ्या डोळ्यांदेखत टाळूवरचे केसांचे दोन झुबके टुणकन उभे राहिले. दाबले तरी बसेनात. जेल लावले, तरी बसेनात. मामांच्या डोक्यावर एक नाही, दोन भोवरे आहेत, आणि ओल्या केसांत ते मला दिसलेच नव्हते.

पंधरा दिवसांचा शिकाऊ कारागीरही करणार नाही अशी ही चूक होती. ज्याला आम्ही जुनाट समजत होतो त्या कोणत्याही केशकर्तनालयात केस आधी कोरडे बघतात. मॉलच्या सलूनात मात्र आधी धुणे, मग कापणे, हाच क्रम. मामांनी डोक्यावरून तळहात फिरवला, झुबक्यांपाशी थांबवला आणि म्हणाले, "असू दे." पुढचे पंधरा दिवस ते तशाच डोक्याने समोर काम करत उभे होते. गिऱ्हाइके हसत. "मामा, हे काय करून घेतलंत?" मामा शांतपणे सांगत, "समोरच्या नव्या दुकानात कापले. पोरगा चांगलाय. जाऊन बघा एकदा." रेवाळेमामी डबा घेऊन आल्या होत्या, त्या एवढेच म्हणाल्या, "दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात म्हणतात. यांचं दुसरं या दुकानाशी झालंय, ते आता डोक्यावर उभं राहिलंय." मी काचेचा दरवाजा किलकिला करून हे सारे ऐकत होतो आणि जमीन पोटात घेईल तर बरे, असे मला झाले होते.

बरोबर पंधरा दिवसांनी, सोमवारी, मामा पुन्हा आले. सोमवारी त्यांचे दुकान बंद असते. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आज धुवू नको. आधी बघ."

"काय बघू?"

"डोकं. माझ्याभोवती फिर. मिनिटभर काही बोलू नको, काही करू नको. ओले केस खोटं बोलतात रे."

मी फिरलो. त्या मिनिटात मला दोन्ही भोवरे दिसले, एक डावीकडे फिरणारा, एक उजवीकडे. डाव्या कानामागे केस विरळ आहेत हे दिसले. पाच वर्षांत शेकडो डोकी हाताखालून घातली होती, पण डोके असे पाहिले नव्हते. माझे खरे शिक्षण त्या दिवशी सुरू झाले. आज माझ्या कल्याणच्या आणि नंतर ठाण्यात उघडलेल्या माजिवड्याच्या अशा दोन्ही सलूनांत आधी कोरडे बघणे, मग कापणे आणि शेवटी धुणे हाच क्रम चालतो. माजिवड्याची मुले त्याला 'मामा पद्धत' म्हणतात. त्यातल्या निम्म्यांनी मामांना पाहिलेलेही नाही.

मामा माझ्याकडे का आले, हे मला दोन महिन्यांनी समजले. मी समजत होतो की हा निव्वळ मोठेपणा. तो होताच, पण त्याखाली दुसरेही काही होते. न्हावी जगाचे केस कापतो, स्वतःचे कापू शकत नाही. त्यासाठी त्याला दुसऱ्या कारागिराचा हात लागतो. मामांसाठी हा हात होता मोहन्याच्या महादेवनानांचा. नानांचे जवळच्याच मोहने गावात छोटेसे दुकान होते. एका सोमवारी मामा मोहन्याला जात आणि नाना त्यांचे केस कापत. पुढच्या सोमवारी नाना विठ्ठलवाडीला येत आणि मामा त्यांचे कापत. चहा, गावच्या गप्पा आणि केस. पस्तीस-चाळीस वर्षे ही अदलाबदल चालली. मग नाना वारले. त्यानंतर मामांनी कोणालाच डोक्याला हात लावू दिला नाही. केस कॉलरवर उतरले होते, मामी कटकट करत होत्या, आणि अशा वेळी समोर नवीन सलून उघडले.

हे कळल्यावर माझ्या मनात एक इच्छा रुजली, ती गेल्या सोमवारपर्यंत गेली नाही. मामा दर पंधरा दिवसांनी माझ्याकडून केस कापून घेत, पण मधल्या सोमवारी "तू माझ्याकडे ये" असे कधी म्हणत नसत. माझे केस माझ्या सलूनमधला कोणीतरी कापत असे. एकदा मी गमतीत म्हणालो, "मामा, माझेपण वाढलेत." ते म्हणाले, "दिसतंय. तुझ्या पोरांना सांग." मला नानांच्या जागी जायचे होते. अदलाबदलीत बसायचे होते. बाकी दोन सलून, मंडळाचे चिटणीसपद वगैरे सगळे मिळाले, हे एक मात्र मिळत नव्हते.

आणि मिळावे तरी कसे? दर वेळी काम झाले की मी मागे आरसा धरत असे. मामा त्या आरशात बघतच नसत. डोळे मिटून मानेपासून टाळूपर्यंत तळहात फिरवत आणि एक चूक सांगत. फक्त एक. "उजव्या कानाशी घाई केलीस." "मानेवर रेघ राहिली." "आज गप्पा जास्त झाल्या, कात्री कमी." टाळेबंदीत आम्हा सगळ्यांची शटरे महिनोन्महिने बंद होती. परवानगी मिळाली त्या सकाळी मामा सर्वात आधी माझ्या पायरीवर, केस पार खांद्याला टेकलेले. आनंदाने मी दीड तास खपलो. तळहात फिरला आणि निर्णय आला, "हात जड झालाय घरी बसून."

मामांच्या कामाविषयी लिहिताना मला सलून आणि जुने दुकान या आपल्या आवडत्या भांडणाकडे यावेच लागेल. काही वर्षांपूर्वी मंडळाच्या सभेत ते पेटले होते, हे अनेकांना आठवत असेल. तरुण मंडळी म्हणत होती की जुन्या दुकानांनी आमची इज्जत घालवली. ज्येष्ठ म्हणत होते की सलूनवाल्यांना मशीन फिरवण्यापलीकडे काही येत नाही. आवाज चढले. मामा मागच्या रांगेतून उठले. म्हणाले, "गिऱ्हाईक स्वतःला पुढून बघतं, बाकी सगळे त्याला मागून बघतात. तुम्ही पुढच्या आरशावर भांडताय. मागची बाजू कोणाची चांगली येते ते सांगा, मग भांडू." सभेतला प्रत्येकजण नकळत पुढे बसलेल्याची मान बघू लागला. माझ्यापुढे बसलेल्या एका फार मोठ्याने बोलणाऱ्या स्टायलिस्टच्या मानेवर चांगली ठसठशीत रेघ होती. मी ती आयुष्यभर विसरणार नाही.

पण मामा म्हणजे जुन्याला चिकटून बसलेले, असे कोणी समजू नये. दर गिऱ्हाइकाला नवी पत्ती हा नियम त्यांनी मी येण्याच्या कितीतरी आधी लावला होता. फेड कट, म्हणजे मानेपासून वर केस हळूहळू दाट होत जाणारा कट, मात्र त्यांना माहीत नव्हता. एकदा कॉलेजच्या एका मुलाने दारातून विचारले, "मामा, मिड फेड येतो क्या? नाय तर समोर जातो." मामा म्हणाले, "मिलिटरी कट येतो. त्याला इस्त्री केली की तुझा फेड. बस." मुलगा बसला. मामांनी कात्री आणि कंगव्याने तासभर खपून असा फेड काढला की मुलगा फोटो काढत सुटला. "भाई, एक नंबर!" म्हणून चार मित्र घेऊन आला. त्या संध्याकाळी मामा माझ्याकडे आले आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या त्या माणसाने मला विचारले, "ते मशीनचे नंबर कसे लावतात, शिकव." पुढचे तीन सोमवार मी शिकवत होतो आणि ते वहीत लिहून घेत होते. शिकून झाल्यावर म्हणाले, "मशीन लबाड नाही रे. वेळ वाचवतं. वाचलेल्या वेळात डोकं बघावं." बेसिनचे तर त्यांना आता व्यसनच लागले आहे. केस झाल्यावर मान मागे टाकून डोळे मिटतात आणि "पाणी जरा कोमट कर, आणि गप्प रहा," असा हुकूम सोडतात.

माणसांशी वागण्याचे तर काय सांगावे! एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला माझ्याकडे घेऊन आली होती. मशीनचा आवाज झाला की तो कानांवर हात ठेवून किंचाळत असे. आम्ही कार्टून लावले, चॉकलेट दिले, शेवटी आम्हीच घामाघूम झालो. ती रडवेली होऊन निघाली तेव्हा मामांनी समोरून हाक मारली. त्या दिवशी त्यांनी केस कापलेच नाहीत. मुलाला दुकानाच्या पायरीवर बसवले आणि रिक्षा मोजायला लावल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त कंगवा फिरवला. चौथ्या दिवशी पायरीवरच, रस्त्याकडे तोंड करून, कात्रीने केस कापून झाले आणि मुलगा रिक्षांचा आकडा सांगत होता. तो मुलगा आता आठवीत आहे. केस अजून मामांकडेच कापतो, आणि अजून पायरीवर बसूनच.

आता मी ज्या प्रसंगाकडे येतो आहे तो लिहू की नको, याचा पुष्कळ विचार केला. मामांना विचारले. ते म्हणाले, "लिही. झालं ते झालं."

माझे बाबा देशावरच्या एका गावातून तरुणपणी कल्याणला आले. त्यांच्या गावात न्हावी होता, पण तो आमच्या वस्तीतल्या माणसांच्या डोक्याला हात लावत नसे. बाबांचे केस लहानपणी त्यांचे सख्खे मामा कात्रीने कापत, वस्तीच्या कडेला दगडावर बसवून. कल्याणला आल्यावर बाबा पहिल्यांदा खुर्चीत बसले आणि आरशात आपले डोके दुसऱ्या कोणाच्या हातात पाहिले, तेव्हा केस कापून झाल्यावरही ते खुर्चीतून उठेनात. हे त्यांनी मला सलून उघडण्याच्या आदल्या दिवशी सांगितले, त्याआधी कधीच नाही.

सलूनच्या चौथ्या-पाचव्या वर्षी बाबांचा पाय मोडला. प्लास्टरमध्ये घरी पडून होते. बोलता बोलता मी मामांची गोष्ट काढली. बाबा म्हणाले, "तो तुझ्याकडून कापून घेतो. तुझे कापत नाही. का कापत नाही, विचारलंस कधी?"

"बाबा, तसं काही नाहीये."

"तसं काही नसेलही. पण विचारलंस का?"

ते वाक्य माझ्या डोक्यात घुसून बसले. पुढच्या सोमवारी मामांचे केस कापता कापता मी विचारले, आणि मवाळपणे विचारले नाही. "मामा, माझे केस तुम्ही का कापत नाही? आम्ही कोण आहोत म्हणून?"

आरशात त्यांचा चेहरा मला दिसत होता. ते म्हणाले, "केस पुरे कर." मी पुरे केले. त्या दिवशी त्यांनी तळहात फिरवला नाही, चूकही सांगितली नाही. मी घरी आलो तेव्हा मला वाटत होते की संपले सगळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमच्या चाळीच्या गॅलरीत मामा उभे, हातात सामानाची पेटी. बाबांना म्हणाले, "ओव्हाळ, केस फार वाढलेत तुमचे. बाहेर उजेडात बसू या." मी आणि शेजारच्यांनी बाबांना खुर्चीसकट गॅलरीत आणले. मामा त्यांच्याभोवती एकदा फिरले, मिनिटभर पाहिले आणि कापायला लागले. सगळी चाळ बघत होती. केस झाले, दाढी झाली, मानेवर वस्तरा फिरला, तुरटी लागली. मग मामा पेटीवरच बसले आणि बोलले. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे देतो.

"माझ्या आज्यानं गावात तुमच्या लोकांच्या डोक्याला हात लावला नाही. मला ठाऊक आहे. ते मी पुसू शकत नाही. पण तुमच्या मुलाचं कारण ते नाही, ओव्हाळ."

"मग काय आहे?" बाबांनी विचारले.

"तुम्ही गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाचे मी कुणाचेही कापतो. तो कारागीर आहे. कारागिरानं कारागिराचे कापायचे ते बरोबरीनं. नाना आणि मी तसे कापायचो. याचा हात अजून बरोबरीला आला नाही. येईल. आला की मीच बोलावीन. आता कापले तर ती मेहेरबानी झाली, आणि मेहेरबानी त्याच्यावर कशाला?"

बाबांनी मान हलवली. मग माझ्याकडे बघत मामांना म्हणाले, "परीक्षा कडक घ्या. सोडू नका." दोघे हसले आणि मी वेड्यासारखा दोघांकडे बघत राहिलो. तेव्हापासून महिन्यातून एकदा मामा बाबांचे केस कापायला घरी येतात. पाय कधीचाच बरा झाला आहे, बाबा दुकानात चालत जाऊ शकतात. पण मामांना गॅलरीतला उजेड आवडतो, असे ते सांगतात.

आणि आता गेला सोमवार! मामांचा सत्कार जवळ आला म्हणून मी सकाळीच शटर अर्धे उघडून त्यांना बसवले. फिरलो, पाहिले, मिनिटभर गप्प उभा राहिलो. कात्री हातात घेतली तेव्हा माझ्या डोक्यात सत्काराचा विचार नव्हता, कसलाच नव्हता. दोन्ही भोवरे आपापल्या दिशेने निजले. मानेवर केस असे उतरले की कुठे संपतात ते मलाही दिसेना. मी मागे आरसा धरला. मामांनी डोळे मिटले आणि तळहात फिरवला. मानेपासून टाळूपर्यंत. मग पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा.

चूक काही सांगेनात. मला भीती वाटली, बरे वाटत नाही की काय.

"मामा, काय?"

"काही नाही."

"म्हणजे? काय राहिलं?"

"काही नाही म्हटलं ना." त्यांनी अंगावरचे कापड स्वतःच काढले, झटकले, घडी घालून माझ्या हातात दिले आणि उठले. दारात जाऊन मागे वळले. "बघत काय राहिलास? चल."

"कुठे?"

"माझ्याकडे. पाळी तुझी."

रस्ता मी कसा ओलांडला ते मला आठवत नाही. एका रिक्षावाल्याने मला उद्देशून काहीतरी खास कल्याणी शब्द वापरले एवढे आठवते. मामांनी शटर उघडले, रेडिओ लावला, मला खुर्चीत बसवले आणि माझ्याभोवती फिरले. सावकाश. चष्मा वर करून डावीकडे वाकले आणि हसू लागले.

"अरे, तुला भोवरा आहे की. डावीकडे, कपाळाच्या वर. बारका. म्हणून तुझे पुढचे केस नेहमी असे उडतात. इतकी वर्षं कुणाला दिसला नाही?"

दोन सलून, अकरा कारागीर, जर्मन कात्र्या, सर्व बाजूंनी दिवे लावलेले आरसे. कोणालाही दिसला नव्हता, मलाही नाही! समोरासमोरच्या त्या दोन आरशांत मी एकामागे एक असा कितीदातरी बसलेलो दिसत होतो, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मामांचा हात होता. माझे डोळे भरून आले. मामा म्हणाले, "मान हलवू नको."

घरी गेलो तेव्हा बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी नुसता पुढे जाऊन पाठ करून उभा राहिलो. त्यांनी पेपर खाली ठेवला. माझ्या मानेवरून त्यांचा तळहात फिरला, खालून वर, अगदी मामांसारखा.

"रेवाळे?" त्यांनी विचारले.

मी मान हलवली. बाबांनी हात लगेच काढला नाही.

सत्काराच्या दिवशी मामांना आणि मला व्यासपीठावर शेजारी बसवणार आहेत. संयोजकांना माझी विनंती आहे की हार घालून झाले की आम्हा दोघांना एकदा सभागृहाकडे पाठ करून उभे करावे. मागची बाजू सर्वांनी नीट पाहून घ्यावी.

मामा, नानांशी तुमची अदलाबदल चाळीस वर्षे चालली. माझी आता कुठे एक पाळी झाली आहे, म्हणजे एक वजा करून चाळीस वर्षांचे बाकी सगळे सोमवार शिल्लक आहेत. तेवढे तुम्ही डोळस, ताठ आणि आमच्या चुका काढत राहायलाच हवे, यात सवलत नाही. मामींनाही तेवढेच आयुष्य लाभो, नाहीतर तुमच्या दोन लग्नांचा हिशेब कोण ठेवणार? पुढची सोमवारची पाळी तुमची आहे. बेसिनमधले पाणी कोमट करून ठेवतो, आणि गप्प राहतो.